चव्वेचाळीस पावलं

खड्डा रिकामा निघाला. वरचं काँक्रीट फुटलं, खालची खडी निघाली, मग मुरूम, मग कुठल्या तरी पाडलेल्या घराच्या पायातल्या विटा, एक कान तुटलेला कप, आणि शेवटी पाच फुटांवर नुसती ओली काळी माती. लोखंडाला लोखंड लागल्याचा आवाज काही आला नाही. ब्रेकरवाल्याने मशीन बंद केलं, कानातला कापूस काढला, खड्ड्यात वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि कापूस पुन्हा कानात घातला. त्याचं ते कापूस पुन्हा घालणं मला जे लागलं ते अजून जात नाही. शिवी दिली असती तर परवडलं असतं. शिवीला उत्तर तरी देता येतं. इंजिनियरबाईंनी माझ्यासाठी ऑफिसातून हातांची खुर्ची आणवली होती, आणि त्या खुर्चीत मी दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसवल्यासारखा बसलो होतो. उठून जावंसं वाटत होतं. पण उठायचं म्हणजे आधी पुढे सरकायचं, मग हातांवर भार द्यायचा, मग डावा पाय सरळ करायचा, मग कण्हणं गिळायचं. इतक्या लोकांसमोर एवढं सगळं कोण करणार? म्हणून बसून राहिलो.

ही कालची दुपार. आज सकाळी पलंगाच्या कडेला बसून बूट चढवतोय तरी तो खड्डा डोळ्यांसमोरून हलत नाही. उजवा बूट गेला. डाव्याला वाकावं लागतं, आणि वाकलं की गुडघ्यातून कुरकुर आवाज येतो, वाळू अडकलेल्या नळासारखा. बाहेर आमची ही दारात तयार उभी आहे, हातात पाण्याची बाटली. "अहो, येताय ना?" म्हणते. येतो म्हटलं. रोजचंच आहे. सकाळी वीस मिनिटं चालायचं, सपाट रस्त्याने, मऊ बुटांनी. व्यायामाच्या बाईंचा हुकूम.

मी छत्तीस वर्षं पाणीखात्यात चावीवाला होतो. चावी म्हणजे खिशातली नव्हे; माझ्या छातीएवढी उंच लोखंडी चावी, वर आडवा दांडा. रस्त्याखाली पाण्याच्या वाहिन्या जातात, त्यांच्यावर ठिकठिकाणी व्हॉल्व्ह असतात, व्हॉल्व्हवर विटांचं चेंबर, चेंबरवर झाकण. झाकण उचलायचं, चावी खाली सोडायची, आडवा दांडा धरून गोल गोल फिरायचं, की कुठल्या तरी गल्लीत पाणी येतं आणि कुठल्या तरी गल्लीतलं जातं. सोपं काम. अवघड एवढंच, की रस्ता दर दोन-तीन वर्षांनी नवा होतो आणि झाकण त्याच्या पोटात जातं. नकाशे होते, पण ते काढणाऱ्यांनी बहुतेक जेवणानंतर काढलेले असावेत. म्हणून आमच्या वस्तादांनी वही केली होती. अमुक भिंतीच्या कोपऱ्यापासून, अमुक दिशेला, इतकी पावलं. बस्स, एवढंच. दोनशे अकरा व्हॉल्व्ह, दोनशे अकरा नोंदी. ती वही वस्तादांकडून माझ्याकडे आली, आणि मी निवृत्त झालो तेव्हा कुणी मागितली नाही म्हणून माझ्या कपाटात राहिली.

परवा खालच्या चौकात मोठी वाहिनी फुटली. पाणी रस्त्यावरून ओढ्यासारखं वाहू लागलं. ती दुरुस्त करायची तर तिच्या अलीकडचा व्हॉल्व्ह बंद करायला हवा, आणि तो व्हॉल्व्ह तर नव्या काँक्रीटखाली कुठे गेला ते कुणाला ठाऊक नाही. लोखंड शोधायचं यंत्र फिरवून झालं, पण काँक्रीटमध्ये सळ्याच सळ्या, ते यंत्र पावलोपावली बोंबलायला लागलं. तो व्हॉल्व्ह नाही सापडला तर टाकीवरूनच सगळं बंद करावं लागणार, म्हणजे अर्धं गाव कोरडं, त्यातच मोठं इस्पितळही. तेव्हा कुणाला तरी माझी आठवण झाली. इंजिनियरबाई स्वतः घरी आल्या. तिशीच्या असतील, केस बांधलेले, बुटांना चिखल. वही हातात घेताना त्यांनी आधी हात ओढणीला पुसले, आणि तिथेच मी विरघळलो. म्हणाल्या, "काका, ही दोनशे अकराच्या दोनशे अकरा मी कॉम्प्युटरवर चढवणार. हे सोनं आहे." एकशे एकोणसाठावी नोंद निघाली: शाळेच्या कुंपणाच्या कोपऱ्यापासून, चौकाच्या दिशेने, रस्त्याच्या मधोमध, चव्वेचाळीस पावलं. मी म्हटलं, चला, दाखवतो. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

कोपऱ्याला पाठ लावली आणि निघालो. पहिली दहा पावलं ऐटीत टाकली. मागून मुकादम, इंजिनियरबाई, ब्रेकरवाला, दोन-चार रिकामटेकडे. विसाव्या पावलाला डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला सुई गेली. तिसाव्याला मला वाटलं, काहीतरी चुकतंय. काय ते सांगता आलं नसतं. छत्तीस वर्षं जिथे चाललो त्या रस्त्याला एक लांबी असते अंगात. ती भरत नव्हती. जेवताना शेवटचा घास राहून जावा आणि ताट उचललं जावं तसं काहीसं. चव्वेचाळीस झाली. मी टाच आपटली आणि म्हटलं, इथे. आणि त्यांनी खणलं.

खड्डा रिकामा निघाल्यावर मी जे केलं ते आता बुटाची नाडी बांधता बांधता पुन्हा आठवतं आणि कान गरम होतात. मुकादम म्हणाला, "काका, नोंद नक्की बरोबर आहे ना?" नुसतं एवढंच विचारलं त्याने, अगदी अदबीने. आणि मी काय बोललो? म्हणालो, "या नोंदी आमच्या वस्तादांच्या. शेवटी शेवटी त्यांचं जरा..." आणि कपाळाजवळ बोटं फिरवली. अशी. वेळ मारून नेली. मेलेल्या माणसाला काय, तो थोडाच उठून विचारायला येतोय! मुकादम म्हणाला, "व्हायचंच, वय झालं की."  इंजिनियरबाईंनी मात्र वही मिटली, पुन्हा उघडली, पानं चाळली. मग विचारलं, "म्हणजे बाकीच्या दोनशे दहांचंही काही खरं नाही?" मी खांदे उडवले. त्या म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत बघू. नाहीतर टाकी बंद." आणि वही माझ्या मांडीवर आणून ठेवली. काल सकाळी ती सोनं होती.

"नाडी सैल राहिलीय," ही म्हणाली. आम्ही निघालो.

व्यायामाच्या बाईंकडे मी पहिल्यांदा गेलो तो भांडायलाच. डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं होतं की हाडांच्या टोकांवरची गादी झिजलीय, आणि आता ही बाई म्हणते रोज चाला. मी म्हटलं, "अहो बाई, चालून चालून तर झिजले. आता आणखी चालू?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दुखतं म्हणून बसता, बसता म्हणून मांडीचा जोर जातो, जोर गेला की सगळा भार गुडघ्यावर, मग जास्त दुखतं, मग जास्त बसता. कुठेतरी तोडायला नको?" दहा मिनिटांपासून सुरू करायचं. आठवड्याला दोन-दोन मिनिटं वाढवायची. चालताना थोडं दुखलं तर दुखू दे, पण घरी आल्यावर तास-दोन तासांत निवलं पाहिजे. नाही निवलं तर दुसऱ्या दिवशी कमी. सांध्यात वंगण असतं, ते हालचालीनेच फिरतं. हे ऐकलं आणि माझं भांडण संपलं. कारण आमच्या खात्याचा पहिला नियम तोच: प्रत्येक व्हॉल्व्ह सहा महिन्यांतून एकदा फिरवायचाच, गरज असो नसो. न फिरवलेला व्हॉल्व्ह जाम होतो, आणि जाम झालेला व्हॉल्व्ह जोर लावला की मोडतो. मी आयुष्यभर दोनशे अकरा व्हॉल्व्ह फिरवले आणि निवृत्त झाल्यावर स्वतः खुर्चीत बसून गंजलो. मला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. दुसऱ्याच्या सांध्याबद्दल माणसाला सगळं कळतं.

बाईंनी मिनिटं मोजायला सांगितली होती. मी पावलं मोजतो. ती सवय काही जात नाही. मोजणं सुरू करावं लागत नाही, ते घशाखाली आपलं चालूच असतं. आणि आमच्या गल्लीच्या टोकाला एक झाकण आहे, उघडं, गाडल्याविना राहिलेलं. वहीतली ती पहिली नोंद. खात्यात लागलो त्या आठवड्यात वस्ताद घरी आले होते, उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "इथून मोज आणि रोज कामाला निघताना मोज. ज्या दिवशी ऐंशी भरतील त्या दिवशी तू चावीवाला." कुणाची ऐंशी? त्यांची. वहीतलं पाऊल एकच असायला हवं ना. त्यांची ऐंशी माझी व्हायला दोन महिने लागले. ते शिकवायची त्यांची रीत अशी, की व्हॉल्व्ह उघडून झाला की त्यांच्या चपला ओल्याचिंब असायच्या. कोरड्या रस्त्यावर ते चालत जायचे आणि त्यांच्यामागे ओले ठसे उमटत जायचे. मला म्हणायचे, "वाळायच्या आत ये." मी त्या ठशांत पाय टाकत त्यांच्यामागे. माझं पाऊल तेव्हा लांब पडायचं, विशीचा माज. ते मागे न बघता म्हणायचे, "पुढे गेलास." आवाजावरून कळायचं त्यांना. मी एकदा विचारलं, वस्ताद, हे पाऊल फुटांत किती? म्हणाले, "फूट माझ्या पायात नाही. पाऊल आहे." त्यामुळे ते कधी मोजलं गेलंच नाही, आणि आता ते माझ्याशिवाय कुणाकडेच नाही. म्हणजे नव्हतं.

त्रेचाळीस, चव्वेचाळीस. या आकड्याला आज पाय अडखळला. ही म्हणाली, "काय झालं?" काही नाही म्हटलं. सकाळचा रस्ता, दूधवाल्याची सायकल भिंतीला टेकलेली, कुणाच्या तरी खिडकीत धुतलेली चादर, पहिल्या मजल्यावरचा तो खोकणारा म्हातारा खोकतोय. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे तो, पण मला म्हाताराच वाटतो. आकाश भरलेलं, उन्हाचा पत्ता नाही. ही माझ्या बरोबरीने चालते. हे नवीन आहे. चाळीस वर्षं ही माझ्या दहा पावलं मागे असायची, पिशव्या सांभाळत, "अहो, जरा थांबा हो, काही गाडी सुटत नाहीये" म्हणत. मी थांबायचो, ही जवळ आली की पुन्हा सुटायचो. मागच्या महिन्यात एक दिवस ही मोठ्या खुशीत म्हणाली, "आजकाल तुमच्या मागे पळावं लागत नाही बाई मला." मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. तिला कळलंच नाही कशावरून. तिला वाटलं भाजीत मीठ कमी पडलं.

ब्याण्णव. त्र्याण्णव. मी आता जे सांगतो ते मला ठाऊक नव्हतं असं नाही. तीन महिन्यांपूर्वी, पहिल्या दिवशी, झाकणापर्यंत एकशे आठ झाली होती. मी म्हटलं, मोजण्यात चूक. दुसऱ्या दिवशी एकशे आठ. म्हटलं, वाकडंतिकडं चाललो असेन. मग एकशे पाच, एकशे दोन, आणि गेले दोन-तीन आठवडे शंभर. चालून चालून आठ पावलं परत आली, बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ऐंशी ती ऐंशी, आणि ऐंशीची शंभर झालीत हे मी रोज सकाळी त्या झाकणावर उभा राहून बघत होतो आणि रोज तिथेच टाकून घरी येत होतो. मी मनाशी एक सोय लावली होती. हे व्यायामाचं पाऊल आहे. कामाचं पाऊल वेगळं. कामाला उभा राहिलो, चार माणसं मागे असली, की ते आपोआप निघेल, पेटीत ठेवलेल्या ठेवणीतल्या कपड्यासारखं. काल ते पेटीतून काढलं आणि कसर लागलेली दिसली, म्हणून मी शिंप्याला नावं ठेवली.

शंभर. झाकण आलं. मी त्याच्यावर उभा राहिलो. ही पुढे दोन पावलं गेली आणि वळली.

आणि तिथे उभ्या उभ्या मला वस्तादांचं ऊन आठवलं. त्यांच्या नोकरीची शेवटची चार-पाच वर्षं. एक दिवस नव्या वस्तीत व्हॉल्व्ह बसवले, नोंदी करायच्या होत्या. वस्ताद कोपऱ्याशी उभे राहिले, वही मला दिली नाही, पेन्सिलही दिली नाही, म्हणाले, "तू मोज. मला ऊन लागतं." मी मोजलं, त्यांनी लिहिलं. त्यानंतर कायम तेच. तू मोज, मला ऊन लागतं. मला तेव्हा वाटायचं, वस्ताद आता साहेब झाले, सावलीत उभे राहून लिहितात. मनातून थोडा रागही यायचा. पण एकदा आभाळ असंच गच्च भरलेलं होतं, आजच्यासारखं, आणि तरीही ते म्हणाले, मला ऊन लागतं. मी हसलोसुद्धा. ते हसले नाहीत. डाव्या हाताने भिंत धरून उभे होते. मी ती भिंत आता बघतोय, तो हात आता बघतोय; मांडीवरून गुडघ्याकडे हात फिरवायची त्यांची सवय, जिना उतरताना आडवं होऊन उतरणं, खाली बसायचं टाळून उभ्याने चहा पिणं. एवढं सगळं मी रोज बघितलं आणि मला एकदाही कळलं नाही. त्यांचं पाऊल तुटायला लागलं होतं. ते कुणाला सांगवलं नाही त्यांना, माझ्यासारखंच. पण वहीत त्यांनी आपलं तुटकं पाऊल एकदाही उतरू दिलं नाही. आणि एकशे एकोणसाठावी नोंद? त्याच वर्षांतली. अक्षर त्यांचं. पाय माझे. तीस वर्षांचे, धडधाकट, वाळायच्या आत ठशात पडणारे. मी ज्या पावलाला काल कपाळाजवळ बोटं फिरवून खोटं ठरवलं ते माझंच होतं.

"अहो, चक्कर येतेय का?" हिने माझा दंड धरला.

"नाही गं."

"मग असे काय उभे? बसा जरा कट्ट्यावर."

"शंभर झाली," मी म्हणालो.

"कसली?"

"पावलं. इथे ऐंशी व्हायला पाहिजेत."

ही माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यात काय एवढं? माझीही वाढलीत की. तुम्हाला आज कळलं?" आणि बाटलीचं झाकण उघडून पाणी पुढे केलं. किती सोपं आहे हिचं. मी पाणी प्यायलो. ऐंशीची शंभर, म्हणजे चाराची पाच. चव्वेचाळिसात चार अकरा वेळा जातात. अकरा पंचे पंचावन्न. हिशोब असा पोरखेळ निघाला याचाच मला वीट आला. तीन महिने रोज उत्तरावर उभा राहत होतो, आणि रोज घरी जाऊन चहा पीत होतो.

"शाळेच्या कोपऱ्यावर जाऊ," मी म्हणालो.

"एवढं लांब? आणि पुन्हा परत? बाई ओरडतील. वीस मिनिटं म्हणजे वीस."

"मग मध्ये बसत बसत जाऊ."

तिने आणखी काही विचारलं नाही. चाळीस वर्षांत काही माणसं प्रश्न विचारायची कमी होतात, काही वाढतात. आमची ही पहिल्यांतली. दोनदा बसलो. एकदा बंद दुकानाच्या पायरीवर, एकदा बसथांब्यावर. बसथांब्यावर मनात आलं, परत फिरावं. काय गरज आहे? टाकी बंद करतील, दोन दिवसांत दुरुस्ती होईल, पाणी येईल, सगळे विसरतील. वही कपाटात जाईल. वस्ताद तर गेलेलेच. मी म्हातारा माणूस, गुडघे दुखतात, सकाळी हिच्याबरोबर फिरायला जातो, एवढंच राहील. ते काही वाईट नव्हतं. पण मग पुढे रोज त्या झाकणावर जाऊन उभं राहायचं होतं. मी उठलो. उठताना कण्हलो आणि गिळलं नाही. थांब्यावरच्या एका बाईने वळून बघितलं, बघू दे.

शाळेजवळ सगळे जमलेच होते. कालच्या खड्ड्याभोवती पत्रे लावले होते. मुकादम फोनवर टाकीवरच्या माणसाशी बोलत होता. मला बघून त्याने फोन खाली घेतला, आणि त्याच्या चेहऱ्यावर ती कीव आली जी म्हाताऱ्या नातेवाइकांसाठी राखून ठेवलेली असते. "काका, तुम्ही कशाला त्रास घेतलात? होतं असं. आम्ही करतोय काहीतरी." इंजिनियरबाई खड्ड्याच्या पलीकडे होत्या. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी म्हटलं, बाई, जरा इकडे या. त्या आल्या. ब्रेकरवालाही आला, कान उघडे ठेवून.

बोलायचं ठरवलं होतं वेगळं. येताना मनात वाक्यं जुळवली होती, चाराला पाच, ऐंशीला शंभर, सगळं शिस्तीत. तोंडातून निघालं ते असं: "काल मी खोटं बोललो. वस्तादांचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं. माझ्या-तुमच्यापेक्षा ठीक होतं. ही नोंद मी मोजलेली आहे, आणि ती बरोबर आहे. वहीत चूक नाही. माझं पाऊल आखूड झालंय. गुडघे गेलेत माझे."

 मुकादम जमिनीकडे बघायला लागला. मीही बघितलं जमिनीकडे. मग ही मागून म्हणाली, अगदी बाजारभाव सांगावा तशी, "आमच्या उंबऱ्यापासून गल्लीतल्या झाकणापर्यंत ऐंशीची शंभर होतात त्यांची. आत्ताच मोजलीत." आणि इंजिनियरबाईंनी झटकन मान वर केली. त्यांच्या ओठांची हालचाल मला दिसली, मनातल्या मनात करत होत्या.

"पंचावन्न," त्या म्हणाल्या.

"पंचावन्न," मी म्हणालो.

कोपऱ्याला पाठ लावली. या वेळी ऐट नव्हती. रोजचं पाऊल, व्यायामाच्या बाईंचं, टाच आधी मग बोटं, हात सैल. मागे सगळे होते पण मला एकच माणूस ऐकू येत होता, तो म्हणत होता, वाळायच्या आत ये. येतोय वस्ताद, म्हटलं, पण आता असाच येणार. तीस. गुडघ्यात सुई गेली, जाऊ दे. चाळीस. सेहेचाळिसाव्या पावलाला कालचा खड्डा आला. म्हणजे काल मी दोन पावलांची चोरी तेवढी केली होती ताणून ताणून, आणि एवढ्यासाठी रात्रभर गुडघा ठणकला होता. त्यांनी पत्रे बाजूला केले, खड्ड्यावर दोन फळ्या टाकल्या. मुकादमाने हात पुढे केला. मी तो धरला आणि मोजत मोजत फळीवरून गेलो. पन्नास. इथे रस्त्याची ती लांबी अंगात भरत आली, मला कळलं, डोळे मिटले असते तरी कळलं असतं. चौपन्न. पंचावन्न. मी टाच आपटली नाही, नुसता उभा राहिलो. म्हटलं, इथे.

खणायला पाऊण तास लागला. खुर्ची आणली होती, मी बसलो, ही शेजारी उभी. "तू बस" म्हटलं तर म्हणाली, "मला काय झालंय?" काँक्रीट, खडी, मुरूम. ब्रेकरवाल्याने अडीच फुटांवर मशीन थांबवलं आणि पहार घेतली, हाताने. दोनदा माती, तिसऱ्यांदा तो आवाज. लोखंडाचा. त्याने वर बघितलं, कानातला कापूस काढला आणि फेकून दिला. इंजिनियरबाई खाली वाकून हातांनीच माती सारत होत्या. झाकण निघालं, चेंबरमधला गाळ काढला, व्हॉल्व्हच्या मानेवर तेल सोडलं. मग त्या माझ्याजवळ आल्या, मातीचे हात तसेच, आणि म्हणाल्या, "तुमच्या उंबऱ्यापासून त्या झाकणापर्यंत टेप लावू. ऐंशीने भागलं की वस्तादांचं पाऊल मिळेल. मग सगळी वही चढवते." मी मान हलवली. त्या वस्तादांचं पाऊल म्हणाल्या, माझं नाही, हे मला बरं वाटलं.

मुकादमाने चावी आणली. तीच जुनी, आडव्या दांड्याला माझ्या वेळेची चिंधी गुंडाळलेली. ती त्याने खाली सोडली, बसवली, आणि सगळ्यांना बाजूला सारून म्हणाला, "काका, पहिला फेरा तुमचा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खुर्चीच्या हातांवर भार दिला, पुढे सरकलो, आणि दांड्याभोवतीची ती वर्तुळाची वाट दिसली, ढेकळांची, चिखलाची, जाम व्हॉल्व्हचा जोर अंगावर घेत चालायची. माझ्या तोंडात आलंच होतं: तू फिरव, मला ऊन लागतं. वर बघितलं. आभाळ भरलेलं होतं.

"मला नाही झेपायचं," मी म्हणालो. "गुडघे दुखतात. तुम्ही फिरवा, मी फेरे मोजतो. बत्तीस आहेत. घाई करू नका, मोडेल."

मुकादम आणि ब्रेकरवाला समोरासमोर दांड्याला लागले. आधी काही हललं नाही, मग आतून एक कण्हल्यासारखा आवाज आला, आणि ते दोघे जड पावलांनी गोल फिरू लागले. खालच्या चौकाकडून पाण्याचा आवाज येत होता. हिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एक," मी मोठ्याने म्हणालो.